धुतलेल्या इंजिनाला आधी वाळू द्या

सकाळी सुरळीत चालणारी गाडी वॉशिंग सेंटरमधून बाहेर पडते आणि पुढच्याच चौकात थरथरू लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ येत नाही, मधूनच झटका बसतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाल्यांच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते. दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून बॉनेट उघडून आतपर्यंत फवारा मारून घेण्याची पद्धत उज्जैनमध्ये आहे, तशी ती महाराष्ट्रातही आहे. उज्जैनमध्ये मात्र हा प्रश्न सणापुरता उरलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून इंदूर-उज्जैन रस्त्यावर भाविकांना नेणाऱ्या टॅक्सी वर्षभर धावतात, त्या चकचकीत ठेवाव्या लागतात, आणि २०२८ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे. इतक्या गाड्या इतक्या वेळा धुतल्या जाणार असतील, तर धुतल्यानंतर बिघडलेल्या गाडीचे काय करायचे हे नीट ठरलेले असावे. आज ते ठरलेले नाही. आज होते ते असे: गाडी गॅरेजात जाते, कोणीतरी ‘कॉइल गेली’ किंवा ‘सेन्सर गेला’ म्हणते, पार्ट बदलला जातो, गाडी सुधारते आणि बिल भरून सगळे पांगतात. हा क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. धुतल्यावर बिघडलेल्या गाडीत पहिला संशय पाण्यावर घ्यावा, पहिला उपाय वाळवणे हा असावा, पार्टची तपासणी त्यानंतर यावी आणि पार्ट बदलणे सर्वांत शेवटी. या क्रमाची सुरुवात गॅरेजात होत नाही. ती गाडी धुणाऱ्याच्या हातात आहे.

आधी बिघाड कसा होतो ते पाहू. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र इग्निशन कॉइल असते. ती इंजिनाच्या डोक्यावरच्या खोल भोकात उतरलेली असते आणि तिच्या तळाशी, रबरी टोपीच्या आत, स्पार्क प्लग असतो. फवारा वरून बसला की कॉइलच्या कडेने चमचाभर पाणी त्या भोकात उतरते आणि तिथेच साचते. प्लगला ठिणगी पाडण्यासाठी कॉइल वीस ते चाळीस हजार व्होल्टचा दाब निर्माण करते. इतक्या दाबाच्या विजेला सोपी वाट लागते. शाम्पूमिश्रित, क्षारयुक्त ओल ती वाट करून देते. ठिणगी प्लगच्या टोकावर पडण्याऐवजी रबराच्या बाहेरून इंजिनाच्या धातूत उतरते. त्या सिलिंडरमधले इंधन जळत नाही आणि चारपैकी एक सिलिंडर नुसता ओझे होऊन फिरतो. गाडीची थरथर ती हीच. इथपर्यंत काहीही तुटलेले नसते. पाणी काढले तर गाडी पूर्ववत होते. पण अशीच ‘चालवून वाळवू’ म्हणून पळवली, तर वीज त्याच ओल्या वाटेने पुनःपुन्हा जाऊन रबरावर कार्बनची बारीक काळी रेघ जाळते. ही रेघ सुकल्यावरही वीज वाहून नेते, म्हणजे तात्पुरती ओल कायमचा दोष होऊन बसते. दुसरीकडे न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, आणि आतली चिनी मातीची जाळी वितळण्याइतकी तापू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो, त्यामुळे तिची किंमत कॉइलच्या कितीतरी पट असते. म्हणूनच अनेक गाड्यांत इंजिनाचा दिवा नुसता लागणे आणि तो लुकलुकणे यांचे अर्थ वेगळे आहेत. लुकलुकणारा दिवा कन्व्हर्टरची हानी चालू असल्याचा इशारा देत असतो. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. घर दोन किलोमीटरवर असले तरी.

गाडी भर पावसात चालते, पाण्याने भरलेल्या रस्त्यातून जाते, मग पाइपच्या पाण्याने तिला काय होणार, हा यावरचा पहिला आक्षेप. तो रास्त वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पावसाचे पाणी बॉनेटवर पडते आणि त्याच्या कडांनी ओघळून जाते. खालून उडणारे पाणी प्लास्टिकचे संरक्षक पत्रे अडवतात. गाडीची रचना या दिशांचा विचार करून केलेली असते. बॉनेट उघडून हातभर अंतरावरून कॉइलवर धरलेला फवारा ही तिसरीच दिशा आहे. शिवाय प्रश्न दाबाचाही आहे. घरगुती वापराचे छोटे प्रेशर वॉशरसुद्धा शंभर बारच्या आसपास दाब देतात. वायरिंगच्या कपलरवर ‘आयपी ६७’ असे मानांकन असते तेव्हा त्याचा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटे ठेवले तरी बिघाड होण्याइतके पाणी शिरणार नाही, एवढाच असतो. जोरदार फवाऱ्याची परीक्षा त्यात येतच नाही. तिच्यासाठी वाहनांच्या मानकांत ‘९के’ ही निराळी पायरी आहे. तिथे ८० ते १०० बार दाबाचे, ८० अंश सेल्सिअस तापलेले पाणी १० ते १५ सेंटिमीटरवरून चार कोनांतून मारून पाहतात. बॉनेटखालचा प्रत्येक कपलर त्या परीक्षेतून गेलेला नसतो. पुरात टिकलेला भाग फवाऱ्यात टिकेलच असे नाही, ते याच कारणाने.

उष्णतेचा मुद्दा तर याहून कमी लक्षात घेतला जातो. गाडी वॉशिंग सेंटरवर येते ती चालवत, म्हणजे इंजिन तापलेले असते. तापलेल्या कपलरच्या, सेन्सरच्या आतली हवा प्रसरण पावलेली असते. त्यावर अचानक थंड पाणी पडले की ती हवा आकसते, आत किंचित पोकळी होते आणि रबरी सीलच्या कडेचे पाणी आत खेचले जाते. एरवी ज्या सीलने पाणी अडवले असते तेच सील या क्षणी कमी पडते. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर ते सुकल्यावर मागे क्षार ठेवते, पिनांवर हिरवट गंज चढतो आणि महिना-दीड महिन्यानंतर गाडी मधूनमधून रुसू लागते. तोपर्यंत ती धुतल्याची आठवण कोणालाच नसते.

पूर्वीच्या अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी अशा गाड्या पाइप लावून धुतल्या जात आणि काही होत नसे, असे जुनी माणसे सांगतात. होत असे. त्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेले की त्या जागच्या हलत नसत. फरक इतकाच की टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की गाडी सुरू होई, कारण विजेची एकच वाट होती आणि ती डोळ्यांना दिसे. आता तसे राहिलेले नाही. आपल्याकडे २०१३ पासून मोटारींना दोष स्वतः नोंदवणारी ओबीडी-२ प्रणाली आली, एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले आणि बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींचा कार्ब्युरेटरही जाऊन त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. बॉनेटखाली आता आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे, थ्रॉटलची उघडझाप मोजणारा आहे, धुरातला ऑक्सिजन मोजणारा आहे. यातला एक जरी ओलाव्यामुळे चुकीचे सांगू लागला तर इंजिनाचा संगणक त्या चुकीवर विश्वास ठेवून इंधनाचे प्रमाण बदलतो. म्हणजे लक्षण एका जागी दिसते आणि दोष दुसऱ्या जागी असतो. जुन्या अनुभवाचा आधार इथे अपुरा पडतो.

उज्जैनच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली माळव्याची काळी माती. कोरडी असताना ती पिठासारखी बारीक होऊन बॉनेटखाली सगळीकडे बसते. ओली झाली की फुगते, चिकटते आणि पाणी धरून ठेवते. अनेक मोटारसायकलींच्या इंजिनावर प्लगच्या खोबणीतले पाणी वाहून जावे म्हणून कडेला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते या मातीने बुजले की खोबणीचा हौद होतो, आणि धुतल्यावर बंद पडलेल्या मोटारसायकलीत बारीक तारेने ते छिद्र मोकळे करणे हाच निम्मा इलाज असतो. दुसरी गोष्ट सीएनजी. अवंतिका गॅसचे पंप इंदूर-उज्जैन पट्ट्यात आल्यापासून इथल्या अनेक टॅक्सी सीएनजीवर चालतात. सीएनजी आणि हवेचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे कॉइलवर आणि तिच्या रबरावर आधीच जास्त ताण असतो. पेट्रोलवर जी थोडी ओल खपून जाते ती सीएनजीवर खपत नाही. हीच गोष्ट निदानासाठी उपयोगी पडते. धुतलेली गाडी सीएनजीवर झटके मारते आणि पेट्रोलवर टाकताच बरीच सुधारते, असे दिसले तर बोट बहुतेक वेळा ठिणगीच्या बाजूकडे, म्हणजे कॉइल, रबर, प्लग यांच्याकडे जाते. ज्या टॅक्सीचालकाला हे ठाऊक आहे त्याला गॅरेजात कोणी इंजेक्टर बदलायला लावू शकणार नाही.

आता त्या क्रमाकडे वळतो. इंजिन स्टार्टरवर फिरतच नसेल, ठक्क असा आवाज होऊन अडकत असेल, तर चावी पुन्हा फिरवू नये. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असण्याची शक्यता असते, आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या सुरू करून पाहणाऱ्या मुंबईकरांना या नुकसानीची मोठी किंमत मोजावी लागली. आज विमा कंपन्या त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच विकतात, कारण साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. वॉशिंग सेंटरवर इतके पाणी आत जाणे दुर्मीळ आहे, पण फिल्टरचे झाकण उघडून कागद ओला आहे का हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. इंजिन फिरते पण थरथरते आहे, अशी नेहमीची स्थिती असेल तर आधी डोळ्यांनी पाहावे. फवाऱ्याच्या जोराने हवेच्या नळीची क्लिप सरकली आहे का, एखादी बारीक व्हॅक्यूम नळी निसटली आहे का, एखादा कपलर अर्धवट सुटला आहे का? बऱ्याचदा उत्तर इथेच सापडते. मग संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावावा. इथे एक चूक सर्रास होते: बिघाड दिसताच बॅटरीचे टर्मिनल काढले जाते. त्याने संगणकातल्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात आणि पुरावाच नाहीसा होतो. म्हणून नोंद आधी वाचायची, बॅटरी नंतर काढायची. ‘पी ०३००’ म्हणजे अनेक सिलिंडरांत अनियमित मिसफायर. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये. नोंद मिळाली की लिहून ठेवायची आणि पार्टला हात न लावता वाळवायला घ्यायचे. कॉइल उचलण्याआधी तिच्या भोवतीचे पाणी हवेने उडवायचे, नाहीतर तेच पाणी आणि माती खाली प्लगपर्यंत जाते. मग कॉइल काढून भोकात हवा मारायची, रबर आतून-बाहेरून पुसायचे, कपलर उघडून कमी दाबाची हवा द्यायची. उन्हाळ्यात बॉनेट उघडे ठेवून माळव्याच्या उन्हात दोन-तीन तास गाडी उभी केली तर उरलेली ओल जाते. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हे काम हवेच्या पाइपने किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या सौम्य झोताने करावे लागते.

वाळवूनही दुसरा सिलिंडर अडत असेल, तेव्हाच पार्टचा विचार. तोसुद्धा लगेच खरेदीचा नव्हे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची. नोंद ‘पी ०३०३’ झाली, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच खराब आहे. दोष जागीच राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टरकडे पाहायचे. या अदलाबदलीला एक पैसा खर्च येत नाही आणि ती करून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

‘कॉइल बदलली आणि गाडी बरी झाली, मग निदान चुकले कुठे?’ असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे. कॉइल बदलताना जुनी कॉइल बाहेर निघते, भोक मोकळे होते, मेकॅनिक त्यात हवा मारतो, कपलर काढून पुन्हा घट्ट बसवतो, आणि या सगळ्यात तास-दोन तास जाऊन तापलेले इंजिन उरलेली ओलही सुकवते. म्हणजे पार्ट बदलण्याच्या कामात वाळवण्याचे काम आपोआप होऊन जाते. गाडी सुधारते ती बहुधा त्यामुळे. श्रेय जाते नव्या पार्टला. मेकॅनिक खोटे बोलत नसतो. त्याला खरेच तसे दिसलेले असते. पण जुनी कॉइल वाळवून परत बसवून पाहिल्याशिवाय ती गेली होती हे सिद्ध होत नाही. ती परीक्षा कोणी घेत नाही, त्यामुळे चुकीचा धडा दर वेळी पक्का होत जातो आणि चांगली कॉइल भंगारात जाते.

याची दुसरी बाजूही मी मान्य करतो. कधी कधी पाणी नवा दोष निर्माण करत नाही, जुना उघडा पाडते. रबराला आधीच भेग असेल, प्लग झिजलेला असेल, तर कोरड्या हवेत तो कसाबसा निभावतो आणि ओल लागताच हार मानतो. तशा वेळी पार्ट बदलणेच योग्य. वॉशिंग सेंटरचे मालक हाच मुद्दा मांडतात की गाडी आधीच कमकुवत होती, आमच्या माथी का? त्यांचे म्हणणे काही वेळा खरे असते, पण ते खरे आहे की नाही हे ठरवायला धुण्याआधीची नोंद हवी, आणि ती आज कोणाकडेच नसते. गाडी आत घेताना इंजिनाचा दिवा पेटलेला होता का, बॉनेटखाली धुवायला ग्राहकाने सांगितले होते का, फवारा वापरला की ओले फडके, एवढ्या तीन गोष्टी पावतीवर लिहिल्या तर निम्मे वाद होणारच नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागू देतो. पण पावतीच नसेल तर त्रुटी दाखवायची कशी? ही नोंद ग्राहकाइतकीच धुणाऱ्याचेही रक्षण करते.

मग बॉनेटखाली धुऊच नये का? मी असे म्हणत नाही. तेलाचा आणि मातीचा थर साचला की गळती कुठून होते ते दिसत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, उंदरांना आसरा मिळतो. स्वच्छता हवीच. इंजिन थंड होऊ द्यावे, कॉइल, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकने झाकावे, ब्रशने घासावे, कमी दाबाच्या पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि शेवटी हवा मारून इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे. धुतल्यावर चमक यावी म्हणून इंजिनावर डिझेल फवारण्याची प्रथा मात्र तातडीने बंद व्हायला हवी. डिझेलने रबराच्या नळ्या आणि सील फुगून मऊ पडतात, त्यावर काळी माती दुप्पट चिकटते आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे. तेच तेल गटारात आणि पुढे क्षिप्रा नदीत जाते, हे तर उज्जैनकरांना वेगळे सांगायला नको. ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. कंट्रोलर, चार्जिंगचे तोंड आणि नारिंगी रंगाच्या केबल यांच्या आसपास फवारा न्यायचाच नाही.

लहान वॉशिंग सेंटरवाल्याला हे परवडणार नाही, असा शेवटचा आक्षेप येईल. त्याच्याकडे वेळ नाही, मुले रोजंदारीवर येतात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी रांग संपत नाही. पण यात लागणारे कोणते सामान त्याच्याकडे नाही? टायरमध्ये हवा भरण्यासाठी बहुतेकांकडे कॉम्प्रेसर असतोच, त्याला एअर गन जोडली की काम झाले. प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड यांचा खर्च एका गाडीला चहाच्या कपाइतकाही येत नाही. वेळ लागतो तो इंजिन थंड होण्याचा, आणि त्या वेळात गाडी बाहेरून धुता येते. बॉनेट शेवटी उघडले तर रांग थांबत नाही. कमी पडते ते शिक्षण. आयटीआयत मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण गाडी धुणाऱ्या मुलासाठी एका दिवसाचा वर्गही सहसा नसतो. सिंहस्थाच्या तयारीत चालक, गाइड, स्वयंसेवक यांना प्रशिक्षण दिले जाईल. त्याच यादीत वॉशिंग सेंटरच्या कामगारांना घ्यावे, महापालिकेने आणि परिवहन विभागाने मिळून एक दिवसाचा वर्ग ठेवावा, आणि त्यात कॉइल कुठे असते, फ्यूज बॉक्स कसा झाकायचा, फवारा कुठे न्यायचा नाही हे उघड्या बॉनेटपुढे उभे राहून दाखवावे. तोवर प्रत्येक सेंटरने बॉनेटला हात घालण्याआधी ग्राहकाला दोन प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही: इंजिनाचा दिवा आधीपासून लागतो का, आणि गाडी सीएनजीवर आहे का?